चालत्या गाडीची दुरुस्ती
स्वतःची नाडी स्वतःच पाहणारी सॉफ्टवेअर कशी घडवतात आणि ती कुठे फसतात?

पनवेल : आपटा हे रेल्वे स्थानक अनेकांनी तेथे पाऊल न ठेवताही पाहिलेले आहे. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटाच्या अखेरीस नायक धावत्या गाडीच्या दारातून हात पुढे करतो आणि नायिका फलाटावरून धावत सुटते, ते दृश्य पनवेल तालुक्यातील याच स्थानकावर चित्रित झाले. पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी सोमटणे आणि रसायनी मागे टाकून पाताळगंगेच्या परिसरातील या गावी येते. कोकणात उतरणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या येथून पुढे जातात. चित्रपटाच्या ओढीने आलेला प्रवासी फलाटाकडे पाहतो. या लेखाचा विषय मात्र फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या सिग्नलपासून सुरू होतो.

सिग्नल तांबडा झाला म्हणजे पुढे गाडी आहे, असे आपण समजतो. त्याचा आणखी एक अर्थ संभवतो. पुढे गाडी नसेलही, पण ती नाही याची खात्री यंत्रणेला देता येत नसेल. 'मला ठाऊक नाही' हे यंत्राने प्रामाणिकपणे सांगणे ही दीडशे वर्षांपूर्वीच्या रेल्वे अभियंत्यांची देणगी आहे. आज बँका, शेअर बाजार, विमानतळ आणि मोबाइलवरील देणीघेणी ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ती चालू असतानाच स्वतःवर लक्ष ठेवतील आणि बिघाड झाल्यास स्वतःच सावरतील, अशी रचना करण्याचा प्रयत्न जगभर सुरू आहे. त्या प्रयत्नाची पहिली पायरी या तांबड्या दिव्यात सापडते.

शंका आली की थांबा

अमेरिकन अभियंता विल्यम रॉबिन्सन याने १८७२ साली 'ट्रॅक सर्किट'चे पेटंट घेतले. कल्पना अगदी साधी होती. रुळांचा ठरावीक लांबीचा तुकडा विजेच्या दृष्टीने इतरांपासून वेगळा करायचा. त्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले जोडायचा. रूळ मोकळे असतील तर वीज एका रुळातून जाऊन रिलेमार्गे दुसऱ्या रुळातून परत येते, रिले उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात. वीज त्या जवळच्या वाटेने परत फिरते, रिले खाली पडतो आणि सिग्नल तांबडा होतो.

या रचनेची खरी खुबी पुढेच आहे. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळ दुभंगला, तरीही रिले खालीच पडतो. म्हणजे यंत्रणेतील बहुतेक बिघाड आपोआप धोक्याची सूचना बनतात. हिरवा दिवा मिळवण्यासाठी यंत्रणेला सतत 'सारे ठीक आहे' असा पुरावा द्यावा लागतो. पुरावा थांबला की परवानगीही थांबते. अभियांत्रिकीत याला 'फेल-सेफ' म्हणतात. मराठीत सांगायचे तर बिघडले तरी घात होऊ नये, अशी ही व्यवस्था होय.

या व्यवस्थेत स्वतःची देखरेख आहे, परंतु स्वतःची दुरुस्ती नाही. सिग्नल तांबडा होतो आणि कर्मचाऱ्याची वाट पाहतो. गाडीला तासभर उशीर होतो, प्रवासी वैतागतात, पण जीव वाचतो. रेल्वेला हा सौदा परवडतो, कारण गाडी थांबवता येते.

थांबणे परवडत नाही तेव्हा

चंद्रावर उतरणारे यान असे थांबवता येत नाही. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे चांद्रयान पृष्ठभागाकडे झेपावत असताना त्याच्या संगणकाने '१२०२' हा धोक्याचा संकेत दिला. काही वेळाने '१२०१' हा संकेतही आला. दोन्हींचा आशय एकच होता. कामे इतकी साठली होती, की संगणकाला ती पेलवत नव्हती. या संगणकाची तात्पुरती स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती. एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे त्याचा मौल्यवान वेळ वाया जात होता.

अशा वेळी संगणक गोठला असता तर मोहीम सोडून द्यावी लागली असती. परंतु मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी बिघाड गृहीतच धरला होता. मार्गारेट हॅमिल्टन या त्या सॉफ्टवेअर चमूच्या प्रमुख होत्या. प्रत्येक कामाला महत्त्वाचा क्रम दिलेला होता. महत्त्वाची कामे ठरावीक टप्प्यांवर आपली स्थिती नोंदवून ठेवत. ताण असह्य झाला की संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी, दुय्यम कामे टाकून देई आणि यान उतरवण्याचे काम नोंदवलेल्या टप्प्यापासून पुढे नेई. उतरण्याच्या त्या काही मिनिटांत हे एकाहून अधिक वेळा घडले आणि यान सुखरूप उतरले.

आजच्या स्वयंदुरुस्त सॉफ्टवेअरची मूलतत्त्वे या प्रसंगात दिसतात. बिघाड होणारच, हे आधी मान्य करावे. कोणते काम सोडून चालेल आणि कोणते नाही, हे शांत वेळी ठरवून ठेवावे. आणि पुन्हा सुरू होण्याची वाट आधीच बांधून ठेवावी. ऐन संकटात ती शोधण्याइतका वेळ नसतो.

राखणदार, ठोके आणि मुकादम

सॉफ्टवेअरची प्रकृती तपासण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे 'वॉचडॉग टायमर', म्हणजेच राखणदार घड्याळ. हे घड्याळ शून्याकडे धावत असते. मुख्य कार्यक्रमाने ठरावीक काळात त्याला पुन्हा किल्ली द्यायची असते. कार्यक्रम कुठे अडकला तर किल्ली दिली जात नाही, घड्याळ शून्यावर पोहोचते आणि यंत्र पुन्हा सुरू केले जाते. अनेक यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांत असे राखणदार असतात.

अनेक संगणक मिळून एक काम करत असतील तर 'हार्टबीट' म्हणजे ठोक्यांची पद्धत वापरतात. प्रत्येक संगणक दर काही सेकंदांनी 'मी आहे' असे सांगतो. ठोके थांबले की इतर संगणक त्याला बाद धरतात आणि त्याचे काम वाटून घेतात. यात एक पेच आहे. ठोका आला नाही याचा अर्थ संगणक मेला, की मधली तार तुटली? दोन्ही बाजूंना एकमेकांचे ठोके ऐकू आले नाहीत तर दोघेही स्वतःलाच प्रमुख समजू लागतात आणि एकाच खात्याच्या दोन वेगवेगळ्या नोंदी होऊ शकतात. म्हणून महत्त्वाच्या यंत्रणांत संगणकांची संख्या बहुधा विषम ठेवतात आणि बहुमताशिवाय कोणालाही प्रमुख होऊ देत नाहीत.

तिसरी पद्धत टेलिफोन केंद्रांतून आली. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ पासून 'अर्लांग' ही संगणकीय भाषा विकसित केली. टेलिफोन केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवता येत नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर बांधकामावरच्या मुकादमाची आठवण करून देणारे होते. मोठे काम शेकडो लहान कामगार-प्रक्रियांत वाटायचे. एकाच्या चुकीची झळ दुसऱ्याला लागू द्यायची नाही. प्रत्येक गटावर एक मुकादम नेमायचा. त्याने स्वतः काम करायचे नाही, फक्त कामगारांवर लक्ष ठेवायचे. एखादा कामगार चुकला तर त्याने तेथल्या तेथे वेड्यावाकड्या सारवासारवी करू नयेत. सरळ बाद व्हावे, आणि मुकादमाने त्याच्या जागी ताजा कामगार उभा करावा. ठरावीक वेळात फार कामगार बाद होऊ लागले तर मुकादमानेही हार मानून वरच्या मुकादमाला कळवावे. व्हॉट्सअ‍ॅपची सर्व्हर यंत्रणाही याच भाषेत घडवली गेली.

ताप उतरला, रोग राहिला

पुन्हा सुरू करणे हा उपाय प्रभावी आहे, पण तो तापावरच्या गोळीसारखा आहे. त्याचे उत्तम उदाहरण मंगळावर घडले. ४ जुलै १९९७ रोजी 'मार्स पाथफाइंडर' मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार पुन्हा सुरू होऊ लागला. कमी महत्त्वाच्या एका कामाने सामायिक साधन अडवून धरले होते, त्यामुळे अधिक महत्त्वाचे काम खोळंबत होते. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही, हे राखणदाराच्या लक्षात येई आणि तो सारे पुन्हा सुरू करी. राखणदाराने यान वाचवले खरे, पण मूळ दोष तसाच राहिला. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच प्रसंग घडवून कारण शोधले आणि दुरुस्ती रेडिओ संदेशाने मंगळावर पाठवली.

म्हणून स्वयंदुरुस्त यंत्रणेने दुरुस्ती करण्यापूर्वी पुरावा जपून ठेवणे आवश्यक असते. कोणता भाग, किती वाजता, कोणत्या स्थितीत बंद पडला, याची नोंद न ठेवता यंत्रणा स्वतःला सावरत राहिली तर दोष वर्षानुवर्षे लपून राहतो आणि एके दिवशी मोठा होऊन समोर येतो.

चार कामांचे चक्र

या सुट्या युक्त्यांना एका सूत्रात बांधण्याचे श्रेय आयबीएमकडे जाते. संगणक यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या होत आहेत, की त्या सांभाळायला माणसे पुरणार नाहीत, असा इशारा कंपनीचे संशोधन प्रमुख पॉल हॉर्न यांनी २००१ साली दिला. त्यांनी दाखला दिला तो मानवी शरीरातील स्वायत्त चेतासंस्थेचा. जिना चढताना हृदयाचे ठोके वाढवण्याचा आदेश आपण देत नाही, ते आपोआप घडते. संगणक यंत्रणेनेही स्वतःची मांडणी, दुरुस्ती, कार्यक्षमता आणि संरक्षण ही चार कामे स्वतः पाहावीत, अशी ही कल्पना होती.

तिची रचना एका चक्रासारखी आहे. निरीक्षण करा, विश्लेषण करा, योजना ठरवा, अंमलबजावणी करा आणि पुन्हा निरीक्षण करा. या चारही कामांना यंत्रणेविषयीच्या साठवलेल्या ज्ञानाचा आधार असतो. घरातला फ्रीज थोड्याफार प्रमाणात हेच करतो. थंडावा मोजतो, ठरवलेल्या तापमानाशी ताडून पाहतो आणि कॉम्प्रेसर सुरू किंवा बंद करतो. गुगलने २०१४ साली खुली केलेली 'कुबरनेटीस' ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. 'या कार्यक्रमाच्या पाच प्रती चालू हव्यात' एवढेच तिला सांगायचे. एक प्रत बंद पडली तर ती सहावी मागवत नाही. चारच राहिल्या हे पाहून एक वाढवते. झालेल्या घटनेपेक्षा हवी असलेली स्थिती आणि असलेली स्थिती यांतील फरकाकडे पाहणे, ही या विचारातली महत्त्वाची पायरी मानली जाते.

महाराष्ट्राचाही या क्षेत्राशी जवळचा संबंध आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संशोधन केंद्रातील कामातून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१५ साली 'इग्निओ' ही प्रणाली बाजारात आणली. मोठ्या कंपनीतील हजारो सर्व्हर आणि कार्यक्रम एकमेकांवर कसे अवलंबून आहेत, त्यांची रोजची चाल कशी असते, हे शिकून घ्यायचे आणि ती चाल बदलली की कारण शोधून नेहमीचे उपाय स्वतःच करायचे, असा तिचा उद्देश होता. रात्रपाळीला बसून तक्रारींची उत्तरे देणारे हजारो तंत्रज्ञ ज्या उद्योगाचा कणा आहेत, त्याच उद्योगाने त्यांच्या कामाचा काही भाग यंत्राकडे सोपवण्याचे हे पाऊल होते.

मुंबईतील दोन धडे

कागदावर सुबक दिसणारी रचना प्रत्यक्षात कशी वागते, हे मुंबईने दोनदा अनुभवले आहे.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० च्या सुमारास वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या अस्थिर झाल्या आणि त्याचा परिणाम होऊन जोखीम व्यवस्थापनाची यंत्रणा उपलब्ध राहिली नाही. बाजाराकडे पर्यायी केंद्र होते, पण काम तिकडे हलवले गेले नाही. व्यवहार दुपारी ३.४५ ला सुरू होऊन सायंकाळी ५ पर्यंत चालवावे लागले. राखीव यंत्रणा असणे आणि ती वेळेवर कामाला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी देशभरातील गुंतवणूकदारांना कळले. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये 'सेबी'ने नियम कडक केले. घटनेनंतर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करायचे, असे बंधन आले. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, बाजार खास उघडून चालू व्यवहार पर्यायी केंद्रावर हलवण्याची रंगीत तालीमही झाली. अमेरिकेतील नेटफ्लिक्स कंपनीने तर आपलेच सर्व्हर कामाच्या वेळेत मुद्दाम बंद पाडणारा 'केऑस मंकी' नावाचा कार्यक्रम लिहिला होता. वापरात नसलेली दुरुस्तीची वाट पावसाळ्यातल्या पाऊलवाटेसारखी बुजते. ती तुडवत राहावी लागते.

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. २०१६ साली सुरू झालेली 'यूपीआय' सेवा मुंबईस्थित राष्ट्रीय देयके महामंडळ, म्हणजे 'एनपीसीआय' चालवते. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील तिच्या व्यवहारांनी २,००० कोटींचा आकडा ओलांडला. आपट्यासारख्या गावात चहाच्या टपरीवर दहा रुपये देताना जो कोड आपण टिपतो, त्याचा भार याच यंत्रणेवर पडतो. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी ही सेवा देशभर कोलमडली. १२ एप्रिलच्या घटनेच्या तपासात असे आढळले, की काही बँकांच्या यंत्रणा 'माझ्या व्यवहाराचे काय झाले?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या आणि त्या चौकशांच्या लोंढ्याखाली मूळ यंत्रणा दबली.

येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारणे हा स्वतःला सावरण्याचाच प्रकार आहे. पण लाखो जणांनी एकाच क्षणी पुन्हा विचारले तर उपायच आजार होतो. डॉक्टर एक, आणि दारात उभी असलेली सारी गर्दी दर मिनिटाला 'माझा नंबर कधी?' असे विचारते आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. डॉक्टरांचा वेळ उत्तरे देण्यातच जाईल.

यावरचे उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करायचा. सर्वांनी एकाच वेळी परतू नये म्हणून त्यात थोडी यादृच्छिकता मिसळायची. आणि समोरची यंत्रणा दमली आहे असे दिसले की काही काळ विचारणेच बंद करायचे. घरातल्या विजेच्या पेटीत जसा जादा भार आला की एमसीबी पडतो, तसाच हा सॉफ्टवेअरमधला 'सर्किट ब्रेकर' असतो. पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून 'एनपीसीआय'ने प्रत्येक अ‍ॅपवर शिल्लक तपासण्याला दिवसाला ५० वेळांची मर्यादा घातली आणि अडकलेल्या व्यवहारांच्या चौकशांवरही बंधने आणली.

वैद्यच आजारी पडला तर?

स्वयंदुरुस्तीतील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. दुरुस्ती करणारे सॉफ्टवेअरही अखेर सॉफ्टवेअरच असते.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका आदेशामुळे कंपनीच्या माहिती केंद्रांना जोडणारे जाळे तुटले. चुकीचे आदेश अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी कार्यक्रमातच दोष होता, त्यामुळे हा आदेश अडवला गेला नाही. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. कंपनीचा पत्ता जगाला सांगणारे सर्व्हर माहिती केंद्राशी संपर्क तुटला की स्वतःला आजारी समजून जाळ्यातून माघार घेत. एक सर्व्हर बिघडला तर हा शहाणपणा ठरतो. त्या दिवशी सर्वच सर्व्हरनी एकाच वेळी तसे केले आणि कंपनी इंटरनेटच्या नकाशावरून दिसेनाशी झाली. दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत असेच घडले. एका मोठ्या माहितीसाठ्याचे पत्ते अद्ययावत ठेवण्याचे काम स्वयंचलित होते. एक घटक योजना आखत असे आणि दुसरा ती लागू करत असे. सुरक्षेसाठी लागू करणाऱ्याच्या अनेक स्वतंत्र प्रती ठेवल्या होत्या. त्यांपैकी एक प्रत मागे पडली आणि तिने जुनी योजना नव्या योजनेवर लिहिली. त्याच सुमारास दुसऱ्या प्रतीने जुन्या योजना झाडून टाकण्याचे काम सुरू केले होते. तिने ती जुनी, पण आता वापरात आलेली योजना पुसली. पत्त्याच्या जागी काहीच उरले नाही आणि या विसंगतीतून स्वयंचलित यंत्रणेला बाहेर पडता येईना. अखेर माणसांनी हाताने दुरुस्ती केली. तोवर जगभरातील असंख्य सेवा विस्कळीत झाल्या होत्या.

त्याआधी १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अद्यतनामुळे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते संगणक पुन्हा सुरू होत, त्याच चुकीपाशी येत आणि पुन्हा बंद पडत. पुनरारंभ हा उपाय येथे भोवऱ्यात सापडला होता.

आराखड्याचे काही नियम

या अपयशांतून काही नियम आकाराला आले आहेत. पहिला नियम असा, की दुरुस्ती लहान घासाने करावी. नवा बदल आधी मोजक्या यंत्रांवर करून पाहावा, प्रकृती ठीक दिसली तरच पुढे जावे. दुसरा नियम, प्रत्येक उपायाला परतीची वाट हवी. तिसरा नियम, स्वयंचलित दुरुस्तीला लगाम हवा. तासाभरात अमुक संख्येपेक्षा अधिक यंत्रे बाद ठरू लागली तर दोष यंत्रांत नसून तपासणाऱ्यात असण्याची शक्यता अधिक, असे समजून थांबावे आणि माणसाला हाक मारावी. चौथा नियम, घाईने उलटसुलट हालचाल करू नये. जरा ताण वाढला की सर्व्हर वाढवायचे आणि जरा कमी झाला की काढायचे, अशा वागण्याने यंत्रणा झोके घेऊ लागते. पाचवा नियम, दुरुस्तीची साधने दुरुस्त करायच्या वस्तूवर अवलंबून नसावीत. विहिरीत पडलेल्या माणसाला काढायचा दोर विहिरीतच ठेवून चालत नाही.

सहावा नियम जागा राखून ठेवण्याचा. १९७७ साली सोडलेले 'व्हॉयेजर-१' यान नोव्हेंबर २०२३ पासून निरर्थक माहिती पाठवू लागले. स्मृतीतील एक चिप निकामी झाली होती. यान सुमारे २,४०० कोटी किलोमीटर दूर होते. अभियंत्यांनी त्या चिपवरील सूचनांचे तुकडे करून ते स्मृतीच्या उरलेल्या भागात जागा मिळेल तसे बसवले आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा सुसंगत बोलू लागले. चालू अवस्थेत बदल स्वीकारण्याची सोय १९७० च्या दशकातल्या रचनेत होती, म्हणूनच हे शक्य झाले.

अंतिम शब्द कोणाचा?

हे सारे पाहता माणसाची गरज कमी होते की बदलते? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली लिहिलेल्या 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन' या निबंधात या प्रश्नाचा वेध घेतला होता. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात. आणि रोजचा सराव सुटलेला असल्याने नेमक्या त्या प्रसंगांसाठी तो कमी तयार असतो. यंत्रणा जितकी भरवशाची, तितका तिच्या राखणदाराचा हात बसतो, हा विरोधाभास स्वयंदुरुस्त सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

चालू यंत्रणेची दुरुस्ती किती जोखमीची असते, याचा दाखला पुन्हा रेल्वेतच मिळतो. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक प्रवाशांचे प्राण गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलांतील आणि त्या दिवशी चाललेल्या फाटकाच्या कामातील त्रुटींवर बोट ठेवण्यात आले. दीडशे वर्षे तावूनसुलाखून निघालेले 'शंका आली की तांबडा' हे तत्त्व एका चुकीच्या जोडणीने निष्प्रभ झाले. यंत्रणेला शंका आलीच नाही. मुख्य मार्ग मोकळा आहे, असेच ती सांगत राहिली.

म्हणूनच रेल्वेने काही दुरुस्त्या यंत्राकडे जाणीवपूर्वक सोपवलेल्या नाहीत. रुळांच्या एखाद्या भागात किती चाके शिरली आणि किती बाहेर पडली, हे 'अ‍ॅक्सल काउंटर' मोजतो. हिशेब जुळला नाही तर तो भाग व्यापलेला समजला जातो. हा आकडा पुन्हा शून्यावर आणणे संगणकाला क्षणाचे काम आहे. परंतु तेथे खरोखर गाडी नाही, याची खातरजमा जबाबदार कर्मचाऱ्याने केल्याशिवाय तसे करता येत नाही. मोजणी चुकली असेल तर ती दुरुस्त होईल, पण गाडी खरेच उभी असेल तर त्या एका शून्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागेल.

स्वयंदुरुस्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न येथेच येऊन थांबतो. कोणती चूक यंत्राने स्वतः दुरुस्त करावी आणि कोणत्या चुकीपाशी थांबून माणसाला बोलवावे, याची सीमारेषा आखणे म्हणजेच आराखडा. व्हॉट्सअ‍ॅपचा एक संदेश दोनदा गेला तरी बिघडत नाही. खात्यातून पैसे दोनदा गेले तर बिघडते. रुळावर गाडी असताना हिरवा दिवा लागला तर बिघडण्यापलीकडचे काही घडते. या तिन्हींना एकच औषध देता येत नाही.

पुढच्या वेळी आपट्याच्या अलीकडे गाडी विनाकारण थांबलेली वाटली आणि खिडकीतून तांबडा दिवा दिसला, तर चिडण्यापूर्वी क्षणभर एवढे लक्षात घ्यावे. कदाचित पुढे गाडी असेल. कदाचित यंत्रणेला स्वतःवरच शंका आली असेल आणि ती कोणा माणसाची वाट पाहत असेल.